ज्याची माती, त्याचा नंबर

पुण्यातली चार वर्षांची नोकरी सोडून मी सांगलीला आले, तेव्हा मलकापुरात आमच्या घरी सगळ्यांना वाटलं, पोरीचं तिकडं काहीतरी बिनसलं. आईनं तर दोनदा विचारलं, "खरं सांग, कुणी काही बोललं का?" कुणी काही बोललं नव्हतं. त्या मोठ्या कंपनीत चार वर्षं मी एकाच प्रचंड प्रोग्रामच्या एकाच पानावर काम करत होते. ते पान कोण वापरतं, कशासाठी वापरतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला एक आख्खी गोष्ट करायची होती. लहान चालेल, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी.

ती मला सांगलीजवळच्या माधवनगरात मिळाली. आमचं ऑफिस म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्रमाग होते आणि त्यांची खटखट सकाळी नऊपासून सुरू व्हायची. पहिल्या आठवड्यात माझं डोकं उठलं. दुसऱ्या आठवड्यापासून वीज गेली आणि माग थांबले की चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. आम्ही मिळून चौघं. सर म्हणजे आमचे मालक, सांगलीतल्या जैन व्यापारी घरातले. घरात तीन पिढ्या कापडाचं दुकान, आणि हे मात्र बेंगळुरूला जाऊन जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून आलेले. सूर्य मावळायच्या आत जेवायचे, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला डबा उघडायचे आणि आम्हालाही त्यातलं थालीपीठ घ्यायला लावायचे. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

माझ्याकडं आलेलं पहिलं काम सांगलीतल्या एका मातीपरीक्षण केंद्राचं. केंद्र लहानसंच. शेतकरी पिशवीतून माती आणतात, तिच्यावर नंबर पडतो, आत तपासणी होते आणि चार-पाच दिवसांनी रिपोर्ट मिळतो: जमिनीत काय कमी, काय जास्त, कुठलं खत घालायचं, पाणी किती द्यायचं. केंद्र चालवणाऱ्या मॅडम रसायनशास्त्रातल्या. पन्नाशीच्या, बारीक, झपझप चालणाऱ्या. सगळं त्या रजिस्टरात लिहायच्या आणि रजिस्टरं आता कपाटात मावत नव्हती.

मी दोन महिन्यांत त्यांना वेब ॲप्लिकेशन करून दिलं. जावामध्ये, सगळं एकटीनं. नोंदणीची तीन पानं होती. पहिल्या पानावर शेतकऱ्याचं नाव-गाव भरलं की नमुन्याचा नंबर तयार व्हायचा आणि पावती निघायची. दुसऱ्या पानावर गट नंबर, पीक, पाण्याची सोय. तिसऱ्या पानावरून पिशवीला चिकटवायचं लेबल छापायचं. या तीन पानांना एकमेकांत सांगावं लागायचं की सध्या कुठल्या नमुन्याचं काम चाललंय. त्यासाठी मी एक ऑब्जेक्ट केलं होतं, 'चालू नमुना' नावाचं. प्रोग्राम सुरू होताना ते एकदाच तयार व्हायचं आणि मग कुठलंही पान त्यालाच विचारायचं, "आत्ता कोण?" इतकं सोयीचं होतं की मी तपासणीच्या आणि शिफारशीच्या पानांनाही तिथंच विचारायला शिकवलं.

सरांनी एकदा माझा कोड बघितला होता. त्या ओळींपाशी थांबले.

"हे सगळ्यांत मिळून एकच आहे की काय?"

"हो सर. पण केंद्रात कॉम्प्युटर एकच आहे. दुसरं कोण येणार?"

"नोंदणी, तपासणी, शिफारस, तीन वेगळी मॉड्यूल्स कर म्हटलं होतं मी."

"करते सर. आधी चालू तर होऊ दे."

सर "हं" म्हणाले आणि डबा उघडायला गेले.

सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मॅडमनी कपाटातली रजिस्टरं बांधून वर टाकली. मी आईला केंद्राचे फोटो पाठवले. मग उन्हाळा आला, खरिपाआधी माती आणणाऱ्यांची रांग वाढली, म्हणून मॅडमनी दुसरा कॉम्प्युटर घेतला आणि काउंटरवर मदतीला एक ताई ठेवल्या. मला कुणी सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं, कारण मीच पहिल्या दिवशी छाती फुगवून म्हणाले होते, "मॅडम, ब्राउझर असलेला कुठलाही कॉम्प्युटर आणा, नुसता पत्ता टाका, चालेल."

मे महिन्यातल्या एका सकाळी मॅडमचा फोन आला.

"तू जरा येतेस का? एक गृहस्थ आलेत. आणि उत्तर मिळाल्याशिवाय जाणार नाही म्हणतात."

"रागावलेत का?"

"नाही गं. तेच तर. फार शांत आहेत."

मी स्कूटी काढली. केंद्रात गेले तर काउंटरसमोरच्या बाकावर एक उंच, ताठ गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर लहानशी डायरी. मी आत आल्यावर ते उठून उभे राहिले. म्हसवडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि आता डाळिंबाची बाग करणारे. मुलगी सांगलीत दिलेली, तिच्याकडं येताना विट्यावरून एसटीत मांडीवर मातीची पिशवी घेऊन आले होते. मॅडमनी ओळख करून दिली, तसा त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढं धरला.

"ह्ये वाचा, म्याडम."

मी वाचलं. जमीन क्षारपड होण्याच्या मार्गावर आहे. पाटपाणी ताबडतोब कमी करावे. शेतात चर खोदून साचलेल्या पाण्याचा निचरा करावा.

"आमी म्हसवडचं," सुभेदार म्हणाले. "गावाला प्यायला टँकर येतोय. मी फौजेत बावीस वर्सं काढली. वरनं आलेला हुकूम कळला न्हाई तरी पाळायची सवय हाय मला. पन ह्यो हुकूम पाळायचा म्हंजी आदी पानी आनायचं, मग साचवायचं, आन मग त्याचा निचरा करायचा."

मला हसू आलं. मॅडमनाही आलं. सुभेदारांच्याही मिशीखाली हललं. पण मॅडम लगेच गंभीर झाल्या. "तपासणी चुकलेली नाही. पिशवीत उरलेली माती मी मघाशीच परत तपासली. क्षार आहेतच." आणि त्यांनी २१४ नंबरची पिशवी आणून काउंटरवर ठेवली.

सुभेदारांनी चिमूटभर माती घेतली, तळहातावर चोळली. काळीभोर, चिकट.

"ही माजी माती न्हवं."

"नंबर तुमचाच आहे ना? पावती बघा."

"नंबर माजा हाय. माती माजी न्हाई. आवं, माती आशी काळी आसती तर मी फौजेत कशाला गेलो आसतो?"

मग त्यांनी डायरी उघडली आणि माझ्याकडं फिरवली. त्या दिवशीच्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: माती दिली. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. पावती २१४. पिशवी २१५.

"तुम्ही त्याच वेळी का नाही सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"मला वाटलं, पावतीचा नंबर येगळा, पिशवीचा येगळा. फौजेत आसंच आसतं. म्हून दोनी लिवून ठिवलं."

मॅडम आत जाऊन २१५ची पिशवी घेऊन आल्या. तांबूस, भुरभुरीत, मुरमाड माती. सुभेदारांनी पिशवीत बघितलं आणि एखाद्या ओळखीच्या माणसाकडं बघून मान हलवावी तशी हलवली. "ही."

मी नोंद उघडली. २१५ नंबर कृष्णाकाठच्या एका गावातल्या काकूंचा होता, उसाच्या जमिनीचा. त्यांचा रिपोर्टही गेला होता, सुभेदारांच्या मातीचा. त्यात लिहिलं होतं: क्षारांचा त्रास नाही, निचरा उत्तम, पाणी वाढवण्यास हरकत नाही.

मी मान वर केली. काउंटरवरचा तो दुसरा कॉम्प्युटर मला आत्ता दिसला.

"मॅडम, हा कधी घेतला?"

"झाला की महिना. का?"

"त्या दिवशी दोन्ही चालू होते?"

"चालू होते. यांचं मी घेत होते, त्या काकूंचं ताई घेत होत्या." मग त्या थांबल्या. "अधूनमधून दोन पिशव्यांवर एकच नंबर छापून यायचा. आम्हाला वाटायचं प्रिंटर बिघडला. मग मी हातानं खोडून बरोबर करायची."

म्हणजे महिनाभर ही बाई माझी चूक पेनानं दुरुस्त करत होती आणि दोष प्रिंटरला देत होती.

काय झालं असणार ते मला तिथंच उभ्याउभ्या दिसलं. मॅडमनी सुभेदारांचं नाव भरलं, 'चालू नमुना' झाला २१४. त्यांची पावती निघाली. तेवढ्यात शेजारी ताईंनी काकूंचं नाव भरलं, 'चालू नमुना' झाला २१५. दोघींना मिळून माझं ऑब्जेक्ट एकच. मॅडमनी लेबल छापलं, ते आलं २१५. इथं दोन पिशव्यांवर एकच नंबर पडला असता आणि तो मॅडमच्या नजरेला आला असता. पण त्या दिवशी पडला नाही. तो का नाही, ते सुभेदारांनीच सांगितलं.

"मी म्याडमना म्हनलं, गावाचं नाव परत दाखवा. म्हसवडच्या जागी लोक काय बी लिवत्यात. त्यांनी मागं जाऊन दाखवलं."

मागं जाऊन दाखवलं तेव्हा 'चालू नमुना' पुन्हा २१४ झाला. आणि नेमकं तेव्हाच ताईंनी काकूंच्या पिशवीचं लेबल छापलं. अदलाबदल इतकी चोख झाली, की कुणाला संशय यायला जागाच राहिली नाही.

"म्हंजी घोटाळा मी केला म्हना," सुभेदार म्हणाले.

"नाही हो. घोटाळा मी प्रोग्राम लिहिला तेव्हाच केला. तुम्ही फक्त गावाचं नाव विचारलंत."

ते डायरी मिटत म्हणाले, "मग त्या बाईंना आदी सांगा. त्यांनी पानी वाढवलं आसंल."

मला तेच सुचायला हवं होतं. पण त्या क्षणी मी माझ्याच कोडमध्ये अडकले होते.

मॅडम आणि मी त्याच दुपारी स्कूटीवरून निघालो. जाताना सरांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. सर म्हणाले, "लिहिलंस तू, बघितलं मी. दोघांची चूक आहे. तू आधी जाऊन ये. आणि सगळं खरं सांग, कॉम्प्युटरनं केलं म्हणू नको."

काकूंचं घर गावाच्या कडेला, नदीकडच्या बाजूला. साठीच्या काकू, कानात कुड्या, पदर खोचलेला. त्यांच्या यजमानांचं गावात दुकान होतं, शेती त्याच बघायच्या. मातीवाल्या बाई आल्या म्हटल्यावर त्यांनी आम्हाला बसायला सतरंजी घातली आणि आम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "बरं झालं आलात. रिपोर्ट चांगला आला म्हणून आमच्या गल्लीत सगळ्यांना दाखवला मी. सगळे म्हणत होते, काकूचं रान गेलं, काकूचं रान गेलं. आता गप झाले सगळे."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. हे मीच सांगायचं होतं.

"काकू, तो रिपोर्ट तुमचा नाही. तुमच्या पिशवीवर दुसऱ्याचा नंबर पडला. मी केलेल्या प्रोग्राममध्ये चूक होती. तुमची खरी माती आम्ही आज परत तपासली." आणि मी खरा रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. वाचून दाखवावा लागला, कारण चष्मा त्यांना सापडेना.

काकू उठल्या, आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून आमच्यापुढं ठेवलं. मग म्हणाल्या, "चला, रान दाखवते."

रान घरापासून जवळच होतं. वरच्या अंगाला ऊस बरा होता. खाली उतरत गेलं तसा तो बुटका आणि पिवळा होत गेला, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात उसाऐवजी जमिनीवर मिठासारखी पांढरी पूड आली होती. काकूंनी चप्पल काढली आणि अनवाणी उभ्या राहिल्या.

"मला कळत होतं गं. पायाला कळतंय की. पण कागदावर चांगलं आलं म्हणून जिवाला बरं वाटलं."

"पाणी वाढवलंत का?" मॅडमनी विचारलं.

"परवाच एक पाळी जादा दिली."

"एकच? मग काही बिघडलं नाही. आता थांबवा." आणि मॅडम चिखलात बसून त्यांना सांगायला लागल्या. चर कुठून काढायचा, किती खोल, हिरवळीच्या खतासाठी ताग-धैंचा कधी पेरायचा आणि फुलावर आला की कसा गाडायचा. काकू एकेक प्रश्न विचारत होत्या आणि मी बांधावर उभी होते. पुण्यात चार वर्षांत माझ्या हातून अनेक चुका झाल्या असतील. पण चूक जिथं जाऊन पोचली, त्या जागी अशी उभी राहायची वेळ कधी आली नव्हती.

निघताना काकूंनी मला थांबवलं. "तू केलंस ना ते कॉम्प्युटरचं?"

"हो."

"मग फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं. आलीस ते बरं केलंस." आणि परसातल्या शेवग्याच्या शेंगांची जुडी माझ्या स्कूटीच्या पायाशी ठेवली. नको म्हणायची हिंमत मला झाली नाही.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. कुठल्या मिनिटाला कुठल्या कॉम्प्युटरवरून काय दाबलं गेलं, ते तिथं लिहिलेलं असतं. दोन कॉम्प्युटरची कामं जिथं जिथं एकमेकांच्या वेळेत अडकली होती, त्या सगळ्या शेतकऱ्यांना मी स्वतः फोन केले आणि मॅडमनी त्यांचे नमुने नव्यानं तपासले. आणखी एकच अदलाबदल निघाली, आणि ती दोन सख्ख्या भावांची. त्यांची रानं बांधाला बांध लावून होती, रिपोर्ट जवळपास सारखेच. तरी धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "बघा, मी म्हणतच होतो, त्याच्यापेक्षा माजं रान चांगलं हाय!"

मग मी प्रोग्राम पुन्हा लिहायला घेतला. या वेळी सर माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसले. तीन मॉड्यूल्स वेगळी केली. नोंदणीच्या पोटात काय चाललंय ते तपासणीला दिसणार नाही. तपासणीला फक्त नमुन्याचा नंबर मिळेल, बाकी काही हवं असेल तर तिनं रीतसर नोंदणीकडं मागायचं. शिफारशीचंही तसंच. 'चालू नमुना' मी स्वतःच्या हातानं पुसला. त्याच्या जागी सेशन आलं. म्हणजे प्रत्येक ब्राउझर सर्व्हरशी बोलायला लागला की सर्व्हर त्याच्यासाठी वेगळा खण उघडतो. मॅडमचं अर्धवट काम मॅडमच्या खणात, ताईंचं ताईंच्या. अर्ज पूर्ण झाला की खण रिकामा करायचा. बराच वेळ कुणी हात लावला नाही तर सर्व्हरनं तो आपोआप टाकून द्यायचा. त्यासाठी मी आधी दहा मिनिटं ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, "माझा चहाच पंधरा मिनिटांचा असतो." तेव्हा मी पाऊण तास केला.

काम झाल्यावर तपासायचं कसं, हा प्रश्न होता. ती जुनी चूक योगायोगानं घडली होती. नव्यात ती नाही हे दाखवायचं, तर आधी जुन्यात ती मुद्दाम घडवून दाखवायला हवी. मॅडमनी हे सुभेदारांना फोनवर सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ते माधवनगरच्या जिन्यात हजर.

"मी येतो म्हनलं. घोटाळा झाला तवा मी तितंच हुतो की."

सरांनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. खोलीच्या मध्ये उभे राहिले. एका कॉम्प्युटरवर मॅडम, दुसऱ्यावर मी. खाली माग खटखटत होते, पण सुभेदारांचा आवाज त्यावरून गेला.

"एक नंबर, नाव भर! दोन नंबर, नाव भर! एक नंबर, लेबल छाप! एक नंबर, पीछे मुड! दोन नंबर, लेबल छाप!"

जुन्या प्रोग्राममध्ये पहिल्याच फटक्यात अदलाबदल झाली, २१४ आणि २१५ची झाली होती तशीच. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. मॅडम म्हणाल्या, "अगं, चूक झालीय!" मी म्हटलं, "म्हणूनच तर!"

मग नवा प्रोग्राम लावला. सुभेदारांनी तोच हुकूम दिला, मग उलटा दिला, मग दोघींनी एकाच क्षणी बटण दाबावं म्हणून तीनपर्यंत मोजून दिला. पंधरा-वीस वेळा कवायत झाली. ज्याचं लेबल त्यालाच. सरांनी चहा मागवला. मी खुर्चीत मागं रेलले.

"ही दुसरी खिडकी कशाची?" सुभेदारांनी मॅडमच्या पडद्याकडं बोट दाखवलं.

"ती? दुसरा टॅब. शेतकरी जोडीजोडीनं येतात ना. एकाचं अर्धं भरलं की तो सातबारा शोधत बसतो, मग मी दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्याचं भरायला घेते."

मी ताठ झाले. सरही चहाचा कप खाली ठेवून बघायला लागले.

"घ्या मग," सुभेदार म्हणाले. "पयली खिडकी, नाव भर. दुसरी खिडकी, नाव भर. पयली, लेबल छाप."

लेबल आलं दुसऱ्याचं.

सेशन ब्राउझरचं असतं, टॅबचं नसतं. दोन टॅब म्हणजे एकच खण. दोन माणसांमधला घोटाळा मी मिटवला होता आणि एकाच माणसाच्या दोन हातांमधला तसाच ठेवला होता. मी कपाळावर हात मारला. पहिल्यांदा सर हसले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग मॅडम हसल्या आणि मग मलाही आवरेना.

"फौजेत याला काय म्हनत्यात ठावं हाय का?" सुभेदारांनी विचारलं.

"काय?"

"परत करा म्हनत्यात."

परत केलं. या वेळी खणात एक नमुना ठेवायचा नाही, नमुन्यांची यादी ठेवायची. प्रत्येक अर्ज सुरू होताना त्याला एक खूण द्यायची, आणि पहिल्या पानापासून तिसऱ्या पानापर्यंत ती खूण त्या अर्जाच्या पानांबरोबर जाईल. मॅडमनी चार टॅब उघडले तरी चारी अर्ज आपापल्या खुणेनं आपापलं काम शोधतील. तीन दिवस लागले. सुभेदार म्हसवडला गेले होते, म्हणून कवायत फोनवर झाली. स्पीकर लावून फोन टेबलाच्या मध्ये ठेवला आणि त्यांनी डाळिंबाच्या बागेतून हुकूम दिले. मधूनच बागेतल्या कुणाला तरी "आरं, तिकडची नळी बग" असं ओरडायचे आणि मॅडम चुकून भलतंच बटण दाबायच्या. ते एक बरंच झालं. भलतं बटण दाबल्यावर काय होतं, तेही तपासून झालं.

सुभेदारांना त्यांच्या मातीचा खरा रिपोर्ट मिळाला. सेंद्रिय कर्ब फार कमी, शेणखत वाढवा, ठिबकनं थोडं थोडं पाणी द्या. त्यांनी फोन करून सांगितलं, "ह्यात नवं काय बी न्हाई, म्याडम. ह्ये मला आदीच म्हाईत हुतं. पन आता कागद हाय, पोरगं ऐकंल." काकूंनी खालच्या कोपऱ्यात चर काढला आणि पाऊस पडल्यावर धैंचा टाकला. मॅडम श्रावणात बघून आल्या. कमरेएवढा झालाय म्हणाल्या, पांढरं अजून आहे, पण कडेकडेनं मागं सरकलंय. एवढ्यात जायचं नाही ते, दोन-तीन वर्षं लागतात, हेही म्हणाल्या.

पण हे पुढचं. त्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, केंद्रात वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी झाली. मॅडमनी आणखी एक कॉम्प्युटर भाड्यानं आणला होता. काही बिघडलं तर जवळ असावं म्हणून मी सकाळीच जाऊन काउंटरच्या मागं स्टुलावर बसले. बाहेर पिशव्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. तिन्ही कॉम्प्युटरवर माणसं, मॅडमच्या पडद्यावर तर पाच टॅब. एकाचं नाव, दुसऱ्याचा गट नंबर, तिसरा परत पहिल्या पानावर, मध्येच कुणीतरी म्हणायचं, "गावाचं नाव जरा दाखवा हो," आणि मॅडम मागं जाऊन दाखवायच्या. प्रत्येक वेळी मी स्टुलावरून उठून बघायचे. लेबलं निघत राहिली. मी पहिली पन्नासेक पावतीशी ताडून बघितली, मग सोडून दिलं.

दुपारी मॅडमनी भडंगाचा मोठा पुडा फोडला, कांदा चिरून टाकला आणि कागदावर माझ्यापुढं ठेवला.

"तुला काही कामधाम नाही का आज?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग ती पिशव्यांची थप्पी आत नेऊन ठेव. नंबरानं लावायची हं."

मी भडंगाचा एक बकाणा भरला आणि पिशव्या उचलायला लागले.